सदतीस नंबरची चिठ्ठी

तिला सगळे खिडकी म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते नर्सिंगच्या वसतिगृहात कुणालाच धड आठवत नव्हतं, पण का ठेवलं ते सगळ्यांना ठाऊक होतं. तिचे बाबा बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसायचे आणि दिवसभर लोक त्यांना प्रश्न विचारायचे. मुलीचं उलटं होतं. ती दिवसभर लोकांना प्रश्न विचारायची. पलंगावरच्या चादरीचा कोपरा असाच का दुमडायचा, दुसऱ्या तऱ्हेने दुमडला तर पेशंट घसरून पडेल का, रात्रभर जागणाऱ्या पेशंटला सकाळी उठवून ‘झोप लागली का’ असं आपण का विचारतो. वॉर्डातल्या मावशी म्हणायच्या, “हिच्या बाबांनी आयुष्यभर उत्तरं वाटली आणि हिने तितकेच प्रश्न गोळा केले. फिट्टंफाट झाली.”

तिसऱ्या वर्षाला प्रत्येकीला एक छोटं संशोधन करावं लागे. बाकीच्यांनी हात धुण्याच्या सवयी, इंजेक्शनच्या सुयांची विल्हेवाट असे सरळ विषय घेतले. खिडकीने घेतला तो असा: नर्सिंगच्या मुली आणि सोशल मीडिया. संशोधन शिकवणाऱ्या मॅडमनी कागद वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, “विषय चांगलाय. पण खरं कोण सांगणार तुला?”

“सांगतील की, मॅडम. मी विचारलं की सगळे सांगतात.”

“कंटाळून सांगतात,” मॅडम म्हणाल्या. “ते वेगळं.”

आणि झालंही तसंच. वर्गात अठ्ठावन्न मुली. सगळ्यांना फोनवर फॉर्म पाठवला, सगळ्यांनी भरला. दिवसातून किती वेळ, या प्रश्नाला जवळजवळ प्रत्येकीचं उत्तर एकच होतं: तासभर. जिन्याच्या वळणावर युनिफॉर्ममध्ये नाचून रोज व्हिडिओ टाकणारी एक मुलगी होती. तिचा नाच संपेपर्यंत झाडूवाल्या मावशी जिन्याखाली ताटकळत उभ्या राहायच्या. तिने लिहिलं होतं, ‘अर्धा तास. अभ्यासासाठी.’ आणखी एकीने लिहिलं होतं, ‘मी फोन वापरत नाही.’ तो फॉर्म तिने फोनवरूनच भरला होता.

खिडकीने स्वतःचं उत्तर दोन तास लिहिलं होतं आणि आपण फार प्रामाणिक आहोत असं तिला वाटत होतं. मग सहज म्हणून तिने फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन बघितलं. फोन स्वतःच सगळी मोजदाद ठेवत होता. रोजचे पाच तास दहा मिनिटं. तिला वाटलं, काहीतरी बिघडलंय. तिने फोन बंद करून पुन्हा चालू केला. पाच तास दहा मिनिटं. फोन काही घरचा माणूस नव्हता, भीडेखातर कमी सांगायला.

तिला राग येण्याऐवजी गंमत वाटली. पाच तास म्हणजे जवळजवळ वॉर्डातली एक पाळी. एवढा वेळ आपण नक्की काय बघत होतो, ते आठवायचा तिने प्रयत्न केला. कालचं फक्त एवढंच आठवलं की कुणीतरी टरबूज कापत होतं.

म्हणून तिने दुसरी फेरी ठरवली. या वेळी कागदाच्या चिठ्ठ्या. चिठ्ठीवर नुसता नंबर, नाव नाही. प्रत्येकीने फोनमध्ये बघायचं आणि तिथला आकडा जसाच्या तसा उतरवायचा: रोजचे तास, दिवसातून किती वेळा फोन उघडला, सगळ्यात जास्त कुणाचं पान बघितलं आणि का. चिठ्ठी घडी करून टेबलावरच्या स्टीलच्या ट्रेमध्ये टाकायची. खिडकी वर्गापुढे उभी राहून म्हणाली, “कुठली चिठ्ठी कुणाची, हे कुणाला कळणार नाही. मीही शोधणार नाही. शब्द देते.”

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “खिडकी शोधणार नाही म्हणजे मांजर दुधाची राखण करणार.” सगळ्या हसल्या, पण चिठ्ठ्या सगळ्यांनी टाकल्या.

शनिवारी दुपारी वसतिगृहाच्या गच्चीच्या सावलीत बसून तिने एकेक चिठ्ठी उघडली. सरासरी पाच तासांच्या वर गेली. आकड्यांपेक्षा तिला ‘का’ची उत्तरं वाचण्यात जास्त रस होता. ‘पाय दुखतात म्हणून.’ ‘बाकीच्या बघतात म्हणून.’ ‘घरची आठवण येते म्हणून, पण घरचं कुणी त्यात नसतं.’ ‘माहीत नाही, हात जातो.’ हे ‘हात जातो’ तब्बल अकरा जणींनी लिहिलं होतं. जणू हात त्यांचा नव्हताच, शेजारणीचा होता.

मग सदतीस नंबरची चिठ्ठी आली. रोज सात तास चाळीस मिनिटं. फोन उघडला, दिवसातून दोनशे तेरा वेळा. सगळ्यात जास्त बघितलेलं पान: ‘एकाच बाईचं. ती मला ओळखत नाही.’ आणि का, यापुढे: ‘ती बरी आहे का, ते बघायला.’

खिडकीने ती चिठ्ठी तीनदा वाचली. कोण ही बाई? आजारी आहे का? ओळखत नाही, तर मग तिची एवढी काळजी का? तिने चिठ्ठी इतर चिठ्ठ्यांच्या खाली ठेवली, थोड्या वेळाने वर काढली. आपण शब्द दिलाय, हे तिने स्वतःला बजावलं. पण खोकला आणि कुतूहल दाबलं की जास्तच उसळतं.

खरं सांगायचं तर तिने शोधलं नाही, ते समोर आलं. सोमवारी ती पुरुषांच्या वॉर्डात ड्यूटीवर होती. पलंगाच्या पायथ्याशी अडकवलेला तापाचा तक्ता तिने उचलला आणि तिथे ते अंक होते. सातच्या पोटात आडवी रेघ, दोनची शेपटी वर वळवलेली, सगळं कसं छापल्यासारखं. त्या अख्ख्या वॉर्डात असे अंक एकच मुलगी काढत असे.

तिला सगळे मुनी म्हणत, कारण ती बोलतच नसे. पहिल्या वर्षापासून वर्गात पहिली. सुई टोचताना पेशंटला कळायचं नाही इतका हलका हात. ही मुलगी दिवसातून दोनशे तेरा वेळा फोन उघडते, हे कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी खिडकीने हसून सोडून दिलं असतं.

मग ती बघत राहिली. विचारायचं नाही असं ठरवलं होतं, बघायचं नाही असं थोडंच ठरवलं होतं? आणि एकदा बघायला लागल्यावर तिला ते जागोजागी दिसू लागलं. दोन पलंगांच्या मधे, औषधांच्या कपाटाआड, सिंकपाशी भिंतीकडे तोंड करून. हात एप्रनच्या खिशात जायचा, फोन वर यायचा, दोन-तीन सेकंद, की परत खिशात. मग मुनी हात धुवायची आणि पुढच्या पेशंटकडे जायची. खिडकीला सगळ्यात नवल वाटलं ते तिच्या चेहऱ्याचं. माणसं फोन बघताना हसतात, नाहीतर जांभई देतात. मुनी थर्मामीटर बघावा तशी बघत होती. आकडा वाचायचा, मनात नोंदवायचा, पुढे जायचं.

बुधवारी दुपारी दोघींना कपड्यांच्या खोलीत चादरी घडी करायला पाठवलं. खोलीत इस्त्रीचा ऊबदार वास होता. चादरीचं एक टोक हिच्या हातात, दुसरं तिच्या. घडी घालत दोघी जवळ आल्या की टोकं जुळवायची, परत लांब जायचं. पाचव्या चादरीला खिडकीच्या तोंडातून निघून गेलं, “ती बाई बरी आहे का?”

मुनीच्या हातातलं टोक सुटलं.

“चिठ्ठीवर नाव लिहायचं नाही, असं तूच सांगितलंस,” ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण खिडकीला कानशिलात बसल्यासारखं झालं.

“तुझे सात ओळखले. मुद्दाम नाही शोधलं. पण विचारायला नको होतं, हे खरंय.”

“मग का विचारलंस?”

खिडकी खाली पडलेलं टोक उचलायला वाकली. वर बघते तर मुनी कपड्यांच्या ढिगावर बसली होती आणि फोन खिडकीसमोर धरला होता. पानावर नुसती रोपं होती. मातीच्या कुंड्या, पिशव्यांतली कलमं, हिरव्या जाळीखाली मांडलेल्या रांगा. कुठल्यातरी रोपवाटिकेचं पान. ती चालवणारी बाई रोज एक फोटो टाकायची.

“काल जांभळी फुलं टाकली होती,” मुनी म्हणाली. “म्हणजे काल बरी होती. आज अजून काही टाकलेलं नाही.”

“पण ही आहे कोण?”

“सोळा नंबरच्या पलंगावरच्या आजोबांची मुलगी.”

खिडकीला ते आजोबा आठवेनात. ते सहा महिन्यांपूर्वी इथे होते, तेव्हा तिची ड्यूटी बालरुग्णांच्या वॉर्डात होती. मुनीने तिला सांगितलं, तुटक तुटक, मधे थांबत. तिला एकदम इतकं बोलताना खिडकीने कधी ऐकलं नव्हतं.

आजोबा तीस वर्षं एका मोठ्या इमारतीत लिफ्ट चालवायचे. हृदयाचं दुखणं घेऊन आले आणि नऊ दिवस वॉर्डात होते. कसं वाटतंय विचारलं की म्हणायचे, “तिसऱ्या मजल्यावर उभा आहे. वर चाललोय की खाली, तेवढं बघ बाई.” नवव्या दिवशी दुपारी दोनची नाडी घ्यायला मुनी त्यांच्यापाशी गेली. त्यांची मुलगी घरून कपडे आणायला गेली होती. मुनीने मनगट धरलं, घड्याळाकडे बघितलं, तेवढ्यात तिच्या खिशातला फोन थरथरला. मैत्रिणीने कसलातरी व्हिडिओ पाठवला होता. तिने दुसऱ्या हाताने तो उघडला.

“काय गं, काय आहे?” आजोबांनी विचारलं. “मलाही दाखव.”

एक जाडं मांजर होतं. लिफ्टचं दार उघडलं की ते आत जायचं, आणि दार मिटायला लागलं की बाहेर उडी मारायचं. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. आजोबा हसायला लागले. म्हणाले, “अशी माणसं मी रोज पाहिलीत. पुन्हा लाव.” तिने पुन्हा लावला. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा तो चालू असताना वॉर्डाच्या दारातून डॉक्टरांचा आवाज आला. मुनीने घाईने फोन खिशात टाकला. तक्त्यावर सकाळी दहाची नाडी लिहिलेली होती: चौऱ्याऐंशी. तिने दोनच्या रकान्यातही चौऱ्याऐंशी लिहिलं आणि ती पुढच्या पलंगाकडे गेली. सव्वादोनला ड्यूटी संपली. दुसऱ्या दिवशी सकाळी आली तेव्हा सोळा नंबरची गादी गुंडाळलेली होती.

“मोजलीच नाही मी,” मुनी म्हणाली. “बोटं त्यांच्या मनगटावर होती. काहीतरी धावत होतं बोटांखाली. मी मोजलं नाही.”

महिन्याभराने तिला ते पान सापडलं. आजोबा मुलीच्या रोपांबद्दल सारखं सांगायचे, रोपवाटिकेचं नाव तिच्या लक्षात होतं. आधी एकदा बघितलं. मग रोज. मग तासाला. आणि दोन आठवड्यांपूर्वी त्या बाईने बाबांच्या जुन्या फोटोखाली लिहिलं होतं: ‘मी दवाखान्यात परत पोचले तेव्हा बाबा बोलण्याच्या पलीकडे गेले होते. त्या दुपारी ते काय बोलले असतील, कुणाशी बोलले असतील, कुणाला माहीत?’

“मला माहीत आहे,” मुनी म्हणाली. “एवढ्या जगात फक्त मला माहीत आहे. आणि सांगायचं तर तो आकडा पण सांगावा लागेल.”

खिडकीच्या डोक्यात एकाच वेळी वीस प्रश्न धक्काबुक्की करत होते. त्यांतला एक पुढे आला.

“त्या चौऱ्याऐंशीनंतरचा आकडा काय होता?”

“म्हणजे?”

“तुझ्यानंतर कुणीतरी नाडी बघितलीच असेल ना. डॉक्टर आले होते. त्यांनी काय लिहिलं?”

मुनीने मान हलवली. “माहीत नाही.”

“सहा महिन्यांत तू कुणालाच विचारलं नाहीस?”

“विचारलं असतं, तर कुणीतरी सांगितलं असतं,” मुनी म्हणाली.

हे वाक्य खिडकीला तेव्हा नीटसं कळलं नाही. न कळण्याची भीती तिला ठाऊक होती. कळण्याची भीती वाटणारी माणसं तिच्या घरात नव्हती. पण मुनीच्या मांडीवरच्या फोनचा पडदा आपोआप काळा झाला, तसा तिचा अंगठा आपोआप त्यावर गेला आणि ते पान पुन्हा उघडलं. कुंड्या तशाच होत्या. अर्ध्या मिनिटापूर्वी बघितल्या होत्या तशाच.

“सिस्टरकडे जाऊ या,” खिडकी म्हणाली. “मी येते बरोबर.”

वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर बावीस वर्षं त्या वॉर्डात होत्या. त्यांचा दरारा असा की त्यांची चप्पल वाजली की पेशंटसुद्धा सरळ झोपायचे. त्यांनी मुनीचं सगळं उभ्याने ऐकून घेतलं. मधे एकदाही अडवलं नाही. ऐकून झाल्यावर सिंकपाशी जाऊन सावकाश हात धुतले, पुसले, आणि जुन्या फाइलींच्या खोलीसाठी एक चिठ्ठी लिहिली.

फाइल यायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत मुनीने फोन किती वेळा उघडला, ते खिडकीने विचारलं नाही. तिला स्वतःलाच एक काम उरकायचं होतं. ती मॅडमकडे गेली आणि म्हणाली, “मी एका चिठ्ठीबाबत दिलेला शब्द मोडला.” कुणाचं, ते मॅडमनी विचारलं नाही. म्हणाल्या, “ती चिठ्ठी बाजूला काढ. सत्तावन्नचीच सरासरी लाव. आणि शेवटी त्रुटी लिहितात ना, तिथे हे तुझ्या हाताने लिही. संशोधकाने शब्द पाळला नाही. गुण कापले जातील.”

“कापा, मॅडम.”

“ते मी तुला विचारून कापणार नाहीये,” मॅडम म्हणाल्या. पण जाताना पाठीमागून त्यांनी विचारलं, “जिची चिठ्ठी, तिला बरं आहे ना?” खिडकी म्हणाली, “बघतोय.”

शुक्रवारी सिस्टरनी दोघींना आपल्या खोलीत बोलावलं. फाइल टेबलावर उघडी होती. त्यांनी बोट ठेवून वाचून दाखवलं. दोन वाजता, नाडी चौऱ्याऐंशी. त्याखाली डॉक्टरांचं वाकडंतिकडं अक्षर: दोन वाजून वीस मिनिटं, नाडी एकशे अठरा, अनियमित. मग औषधांची नावं, अतिदक्षता विभागात हलवल्याची नोंद, सायंकाळी सहा वाजता मृत्यू.

“म्हणजे वीस मिनिटं,” मुनी म्हणाली.

“वीस मिनिटं,” सिस्टर म्हणाल्या. “त्या वीस मिनिटांत ते वाचले असते का, हे मला माहीत नाही. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणतात बहुधा नाही, हृदय फार थकलं होतं. पण बहुधा म्हणजे नक्की नव्हे. तेव्हा त्यांचा मृत्यू तू स्वतःच्या नावावर लिहून घेऊ नकोस, तो तुझा नाही. तो चौऱ्याऐंशीचा आकडा मात्र तुझाच आहे. तो दुसऱ्या कुणाचा होणार नाही.”

मुनीने मान डोलावली. खिडकीला वाटलं, आता ही रडेल. पण ती फाइलकडे वाकून डॉक्टरांचा तो आकडा बघत राहिली. नंतर खिडकीला ती म्हणाली की सहा महिने तिने मनात त्या जागी दीडशे, एकशे ऐंशी, काहीही धरलं होतं. कधी त्यांचं मनगट थंडच होतं असंही वाटायचं. एकशे अठरा ही पहिली अशी गोष्ट होती की जी बदलत नव्हती.

पुढे जे व्हायचं ते रीतसर झालं. मुनीने लेखी जबाब दिला. प्राचार्यांनी तिला महिनाभर पहिल्या वर्षाच्या मुलींबरोबर नाडी मोजायला बसवलं, आणि प्रत्येक आकड्याखाली सिस्टरची सही. वर्गात कुजबुज झाली. पहिल्या नंबरची मुलगी पहिल्या वर्षात परत गेली म्हणून काही जणींना बरं वाटलं, ते त्यांच्या तोंडावर दिसलं. जिन्यावर नाचणारी मुलगी मात्र मुनीच्या शेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, “मीही दोनदा असं केलंय. मला कुणी धरलं नाही एवढंच.” खिडकीने ते ऐकलं आणि या वेळी कुठल्याही चिठ्ठीशी त्याचा संबंध जोडला नाही.

दवाखान्याने त्या बाईला भेटायला बोलावणारं पत्र पाठवलं. मुनीचं म्हणणं होतं की पत्रात सगळं लिहावं. सिस्टर म्हणाल्या, “नाही. तोंडाने सांगायचं. तिच्याकडे बघून.”

ती मंगळवारी अकरा वाजता आली. चाळिशीची, उन्हाने रापलेली, नखांत माती. वॉर्डात पाहिलेला तिचा चेहरा मुनीच्या मनात पुसट झाला होता आणि फोनमधल्या फोटोंत तो कधीच नसे, फक्त कधीतरी हात दिसायचे, त्यामुळे मुनीने आधी तिचे हात ओळखले. सिस्टरच्या खोलीत चौघी बसल्या. मुनीने खिडकीला बरोबर ठेवलं होतं, न जाणो शब्द अडकले तर. ते अडकले नाहीत. तिने आकडा आधी सांगितला. मग आजोबा काय बोलले ते. ‘रोपवाटिकेच्या पानावर तुम्ही विचारलं होतं ना,’ असंही ती बोलून गेली.

बाईने नखातली माती अंगठ्याने खरवडली. मग म्हणाली, “कुठला व्हिडिओ? आहे का अजून?”

मुनीकडे तो होता. तिने तो पुसलाही नव्हता आणि पुन्हा एकदाही लावला नव्हता. फोन टेबलावर ठेवून तिने लावला. मांजर लिफ्टमध्ये शिरलं, दार मिटायला लागलं, मांजर बाहेर. पुन्हा आत.

“चौथ्या मजल्यावरच्या बाई,” आजोबांची मुलगी एकदम म्हणाली. तिच्या तोंडातून हसू फुटलं. “बाबांच्या लिफ्टमध्ये एक बाई यायच्या, दार मिटलं की यांना गॅस बंद केला का ते आठवायचं. बाबा घरी येऊन त्यांची नक्कल करायचे. मी लहान होते. आम्ही पोट धरून हसायचो.” तिने डोळे पुसले. “त्यांना त्याच आठवल्या असणार.”

बाईने व्हिडिओ आणखी एकदा लावायला सांगितला. संपल्यावर तिने फोन हळूच मुनीकडे सरकवला.

“ते हसले, हे सांगितलंत ते बरं केलंत,” ती म्हणाली. “नाडीचं मी आज काही बोलू शकत नाही. उद्या बोलू शकेन की नाही, तेही माहीत नाही.”

“हो,” मुनी म्हणाली.

“आणखी एक विचारायचंय. तुम्हाला माझी रोपवाटिका कशी माहीत?”

हे मुनीने ठरवून ठेवलेलं नव्हतं. तिने खिडकीकडे बघितलं. खिडकी जमिनीकडे बघत होती. मग मुनीने तेही सांगून टाकलं. दोनशे तेरा वेळा.

बाईच्या कपाळावर आठी पडली. ती खिडकीला म्हणाली, “तुम्ही जरा बाहेर बसता का?” सिस्टरही उठल्या, वॉर्डात त्यांना बोलावणं आलं होतं. दार ओढून घेतलं गेलं.

बाहेर एक लाकडी बाक होतं. खिडकी त्यावर बसली. दाराला वरच्या बाजूला काच होती आणि टाचा उंचावल्या तर आतलं दिसलं असतं. आवाजही येत होता, शब्द नाही, नुसती लय. कधी एकीचा, कधी दुसरीचा, मधे लांब शांतता. समोरून मावशी बादली घेऊन गेल्या आणि हिला नुसतं बसलेलं बघून थबकल्या. “तब्येत बरी आहे ना गं?” त्यांनी विचारलं. खिडकी म्हणाली, “बरी आहे, मावशी.” अर्ध्या तासात तिचा हात चारदा स्वतःच्या खिशाकडे गेला. चारही वेळा तिने तो मांडीवर परत आणून ठेवला, आणि प्रत्येक वेळी तिला नवल वाटलं की तो गेला कधी, ते तिला कळलंच नव्हतं.

बाई बाहेर आली, मान हलवून निरोप घेतला आणि जिन्याने उतरून गेली. पाठोपाठ मुनी आली. डोळे लाल होते. दोघी वॉर्डाकडे चालू लागल्या. खिडकीने काही विचारलं नाही. पहिला जिना चढून झाला तरी नाही. दुसऱ्या जिन्याच्या मध्यावर मुनी आपणहून बोलायला लागली.

“त्या म्हणाल्या, माझं पान आजपासून बघू नकोस. कुणीतरी मला दिवसभर तपासतंय हे कळल्यावर मला एक कुंडीसुद्धा टाकता येणार नाही. म्हणाल्या, फोटो मी बाबांसाठी टाकायचे, त्यांना दाखवल्यासारखे. त्यात तू कुठून आलीस?”

“मग?”

“त्यांच्यासमोरच काढून टाकलं. मग त्यांनी बाबांचे नऊ दिवस विचारले. जेवले काय, बोलले काय, कुणावर चिडले. मी सांगत होते.” ती थांबली, कठड्याला टेकली. “आता मी ते दोनशे वेळा काय बघणार, खिडकी? हात तर जाणारच.”

“मला माहीत नाही,” खिडकी म्हणाली. आणि तिला खरोखरच माहीत नव्हतं.

हात गेलाच. पुढच्या आठवड्यात मुनीचे तास साडेचारवर आले आणि त्यानंतरच्या आठवड्यात परत साडेपाचवर चढले, कारण अंगठा रिकामा बसेना. तिने कसलेकसले विणकामाचे व्हिडिओ बघायला सुरुवात केली. तिने स्वतःच हे आकडे खिडकीला सांगितले, न विचारता, आठवड्याच्या आठवड्याला. खिडकीही आपले सांगू लागली, आणि ते काही भूषण वाटावं असे नव्हते. ड्यूटीला येताना दोघी फोन वसतिगृहात ठेवून यायच्या. पहिल्या दिवशी मुनीने खिशात त्या जागी एक छोटी वही ठेवली, सवयीने हात गेला तर काहीतरी लागावं म्हणून.

पहिल्या वर्षाच्या मुलींबरोबरचा तिचा महिना संपत आला तेव्हा एका सकाळी खिडकी बायकांच्या वॉर्डात काही आणायला गेली. मुनी एका म्हाताऱ्या बाईंच्या पलंगापाशी बसून नाडी मोजत होती. बाई काहीतरी सांगत होत्या, सुनेबद्दल असावं. मुनी मधे “हं” सुद्धा म्हणाली नाही. सेकंदकाटा पूर्ण फिरून वर आला, तिने तक्त्यावर शहात्तर लिहिलं, सातच्या पोटात रेघ मारली आणि मग म्हणाली, “हां आजी, आता सांगा. सून काय म्हणाली?”